यादी बाजूला ठेवा, आधी प्रिंट बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'सर्वोत्तम शंभर'च्या यादीतले सहा जुने चित्रपट पाहायला घेतले, चार कसेबसे संपवले, दोन अर्ध्यावर सोडले, विसाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे जातो. मग लोक ज्यांना 'दुर्लक्षित रत्नं' म्हणतात ती खरंच रत्नं असतात, की जुन्या प्रेक्षकांचा हा आपला एक हट्ट?

हट्ट थोडा आहेच. पण 'जुनं ते सोनं' हे इतकी वर्षं या चित्रपटांत बुडालेला असूनही मी म्हणणार नाही. तेव्हाही रतीब घातल्यासारखे चित्रपट निघत, आणि त्यातले बरेचसे आज कुणाला आठवत नाहीत ते ठीकच आहे. फक्त तुम्हाला आलेला कंटाळा चित्रपटाचा होता की तुमच्या वाट्याला आलेल्या कॉपीचा, हे एकदा तपासा. मला तरी बहुतेक वेळा कॉपीच गुन्हेगार सापडली आहे.

माझंच सांगतो. 'नॉस्फेराटू' (1922) मी पहिल्यांदा पाहिला तो एका पांढऱ्याफटक, धुरकट कॉपीत. रक्तपिपासू काउंट ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून चाललाय आणि सगळीकडे लख्ख ऊन! बरं, हा शेवटी मरतो कशाने, तर सूर्यप्रकाशाने. मी हसून हसून बेजार. लोक याला भयपटांचा आजोबा का म्हणतात ते काही कळेना. पुष्कळ वर्षांनी उलगडा झाला. त्या काळी रात्रीचे प्रसंग दिवसाउजेडीच चित्रित करत आणि मग प्रिंटचा तेवढा भाग निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिव्याचा उजेड, हे प्रेक्षकाला ठाऊक असायचं. पुढे कुणीतरी साध्या कृष्णधवल फिल्मवर कॉपी काढली, रंग गेला आणि रंगाबरोबर रात्रही गेली. निळाई परत आणलेली कॉपी पाहिली तेव्हा तोच माणूस, तीच पेटी, तेच रिकामे रस्ते, पण हसायला काही सुचलं नाही. (हा चित्रपट उरलाय हेच नवल. 'ड्रॅक्युला'कार ब्रॅम स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि कोर्टाने सगळ्या कॉप्या नष्ट करायचा हुकूम दिला होता. काही वाचल्या म्हणून आपण बोलतोय.)

दुसरा घोटाळा वेगाचा. मूकपटांच्या जमान्यात कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे वेग पक्का नसे. सेकंदाला 16, 18, 20, कधी त्याहून जास्त फ्रेम्स, म्हणजे सुटी चित्रं. बोलपट आले तसा 24 चा वेग ठरून गेला. आता 18 ने घेतलेला दीड तासाचा चित्रपट 24 ने चालवला तर तो साडेसदुसष्ट मिनिटांत संपतो आणि माणसं मुंगळ्यांसारखी तुरुतुरु पळतात. मूकपट म्हणजे धावपळ आणि आदळआपट, हा समज निम्मा तरी यातूनच आलाय. एकाच चित्रपटाच्या दोन कॉप्यांच्या लांबीत वीस-वीस मिनिटांचा फरक दिसला तर एक तर कापाकापी झालीय किंवा वेग चुकलाय. मी आधी मिनिटं बघतो, मग पोस्टर.

आणि टीव्हीची सेटिंग्ज. पन्नासच्या दशकाआधीची चौकट जवळपास 4:3 ची, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन. ती ताणून रुंद पडदा भरलात की सगळे चेहरे सुजतात. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसू द्या, त्या तिथे असायलाच हव्यात. हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद करा. नंतर रंग भरलेल्या आवृत्तीच्या वाटेला जाऊ नका. का, यावर मी भांडायला तयार आहे, पण आत्ता नको.

आता 'दुर्लक्षित' या शब्दाकडे येतो. आपण धरून चालतो की काळाच्या चाळणीतून चांगलं तेवढं खाली उतरतं. उतरतं ते जे जळालं नाही ते! 1912 ते 1929 या काळात अमेरिकेत जवळपास 11,000 मूक कथापट आले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 2013 च्या अहवालानुसार त्यातले मूळ स्वरूपात शाबूत आहेत 14 टक्के. फिल्म नायट्रेटची. पेटली तर पाण्यानेही विझत नाही, आणि नाही पेटली तरी पडल्या पडल्या कुजून तिची पूड होते. शिवाय बोलपट आल्यावर मूकपटांची रिळं म्हणजे अडगळ. उरलेलं कुठे सापडावं याला धरबंध नाही. डॅनिश दिग्दर्शक ड्रायरच्या 'द पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची (1928) मूळ आवृत्ती जळाली असं सगळे समजत होते. ती 1981 मध्ये ऑस्लोच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात निघाली. 'मेट्रोपोलिस'चा हरवलेला सुमारे पंचवीस मिनिटांचा भाग 2008 मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये सापडला. जपानी दिग्दर्शक सादाओ यामानाकाने वीसहून अधिक चित्रपट केले, त्यातले जेमतेम तीन उरलेत. शेवटचा 'ह्युमॅनिटी अँड पेपर बलून्स' 1937 मध्ये लागला त्याच दिवशी त्याला सैन्यात भरतीचा हुकूम आला. पुढच्या वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षी तो चीनमध्ये आजारपणात गेला. तीनच चित्रपट पाहून मी त्याला ओझू या थोर जपानी दिग्दर्शकाच्या पंक्तीत बसवतो. उरलेले असते तर यादीत त्याचं नाव कुठे असतं, ते तुम्हीच बघा.

प्रसिद्धीही अशीच, नशिबाची. 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (1946) लागला तेव्हा फारसा चालला नाही. 1974 मध्ये त्याच्या कॉपीराइटचं नूतनीकरण करायचं राहून गेलं, टीव्ही केंद्रांना तो फुकटात लावता येऊ लागला, आणि दर नाताळात दाखवून दाखवून तो घरोघरी पोचला. चित्रपट तोच, एक अर्ज तेवढा भरायचा राहिला होता.

म्हणून म्हणतो, यादीच्या वरच्या टोकापासून सुरुवात करू नका. आधीच आवडलेल्या चित्रपटातलं एक दुय्यम पात्र पकडा आणि त्याच्या मागे जा. नायक-नायिकेच्या मागे सगळेच जातात. 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधला विसरभोळा अंकल बिली आठवतो? तो थॉमस मिचेल. एकट्या 1939 या वर्षात हा माणूस पाच नामांकित चित्रपटांत आहे: 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर (यासाठी ऑस्कर), 'गॉन विथ द विंड'मध्ये नायिकेचा बाप, शिवाय 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन', 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज' आणि 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम'. त्याचा माग काढत मागे गेलात की 1937 च्या 'मेक वे फॉर टुमॉरो'पाशी पोचता, आणि तिथे मात्र मुक्काम करा.

गोष्ट एका ओळीची. म्हाताऱ्या नवरा-बायकोचं घर बँकेकडे जातं, मुलांपैकी कुणीच दोघांना एकत्र ठेवून घ्यायला तयार नाही. आई एकाकडे, बाप दुसरीकडे. मिचेल इथे आईला ठेवून घेणारा मुलगा आहे. आईचं काम केलंय ब्यूला बॉन्डीने, तेव्हा तिने पन्नाशीही गाठली नव्हती. 'वंडरफुल लाइफ'मध्ये नायकाची आई झालीय तीच ही.

एक प्रसंग सांगतो. सून घरी ब्रिजचे क्लास घेते. टेबलं लागलीत, ठेवणीतल्या कपड्यांतली मंडळी पत्ते खेळतायत आणि सासूबाई मधोमध आपली डुलणारी खुर्ची आणून बसल्यात. खुर्ची करकरते. लोक एकमेकांकडे बघतात. तेवढ्यात फोन वाजतो, दूरच्या गावाहून नवऱ्याचा. लांबचा फोन म्हणजे मोठ्याने बोललं पाहिजे अशी बाईंची समजूत, त्यामुळे त्या अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतात. आधी मंडळींच्या चेहऱ्यावर वैताग आणि थोडं हसू. मग बाई थंडीत नीट कपडे घाल वगैरे सांगू लागतात आणि हळूहळू पत्ते थांबतात. कुणी मान खाली घालतं, कुणी दुसरीकडे बघतं. पलीकडचा आवाज आपल्याला एकदाही ऐकू येत नाही. संगीत चढवून रडवणं नाही, मुलं दुष्ट ठरवणं नाही. सून तर मला दर वेळी बरोबरच वाटते, तोच तर त्रास आहे.

स्टुडिओला शेवट गोड हवा होता. दिग्दर्शक लिओ मॅकॅरीने ऐकलं नाही आणि चित्रपट पडला. त्याच वर्षीच्या 'द ऑफुल ट्रुथ' या विनोदी चित्रपटासाठी त्याला ऑस्कर मिळालं, तेव्हा आभार मानून तो म्हणाला की तुम्ही ते चुकीच्या चित्रपटाला दिलंत. ओझूच्या 'टोकियो स्टोरी'चं मूळही इथेच आहे. एवढं असून खुद्द अमेरिकेत डीव्हीडी निघायला 2010 उजाडलं.

हे फार जड वाटलं तर 'गन क्रेझी' (1950) घ्या. जोसेफ लुईस हा कमी बजेटचा दिग्दर्शक. बँकेवरचा दरोडा त्याने गाडीच्या मागच्या सीटवर कॅमेरा ठेवून साडेतीनेक मिनिटांच्या एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय. दरोडेखोर म्हणजे एक तरुण आणि एक तरुणी. दोघं गाडी लावायला जागा शोधतात, तो आत जातो, आणि आपण तिच्याबरोबर बाहेरच. नेमका एक पोलीस येऊन उभा राहतो. ती उतरून त्याच्याशी गोड बोलू लागते. बँक आतून कशी होती, आत काय झालं, काहीच दाखवत नाही. बँकेचा सेट आणि तिथली गर्दी, दोन्हींचा खर्च वाचला, आणि मिळाला असा दरोडा की मागच्या सीटवर आपणच बसलोय असं वाटतं.

पहिलाच प्रयोग म्हणून मात्र मी एडगर उल्मरचा 'डीटूर' (1945) सुचवीन. 68 मिनिटं. मोबाइल आठवायच्या आत संपतो. वर्षानुवर्षं याच्या फक्त ओरखडलेल्या, अंधारलेल्या कॉप्या फिरत होत्या. 2018 मध्ये तो नीट रिस्टोअर झाला, तीच आवृत्ती शोधा. पैसे इतके कमी की न्यूयॉर्कच्या रस्त्याचा सेटच नाही. नुसतं धुकं सोडलंय, दिव्याचा खांब आणि रस्त्याची पाटी तेवढी दाखवलीय. नायक लिफ्ट मागत लॉस एंजेलिसला निघतो तेव्हा थांबणाऱ्या गाड्यांकडे बघा. चालक अमेरिकेत बसतो तसा डावीकडे नाही, उजवीकडे बसलाय! पडद्यावरचा प्रवास सतत एकाच दिशेने, पश्चिमेकडे चाललेला दिसावा म्हणून निगेटिव्ह आरशातल्यासारखं डावं-उजवं उलटं छापलंय. पहिल्या दोन वेळा माझ्या हे लक्षातही आलं नव्हतं. तुम्हाला पहिल्याच वेळी दिसलं तर इथे येऊन सांगा, आणि नाही आवडला तर कोणती कॉपी पाहिलीत तेही लिहा.