याकुझा ही व्हिडिओ गेम मालिका कुठून सुरू करावी?

पहिला भाग २००५ चा, म्हणून तिथूनच सुरुवात करायला हवी असं अजिबात नाही. सरळ 'याकुझा झिरो' घे. कथा १९८८ च्या जपानमधली, सगळ्या भागांच्या आधीची. किर्यू आणि माजिमा हे दोन नायक तिथे तुला पहिल्यांदाच भेटतात. कामुरोचो या टोकियोतल्या काल्पनिक वस्तीतल्या एका चिमुकल्या रिकाम्या जागेसाठी अख्ख्या टोळ्या एकमेकांच्या जिवावर उठतात, आणि ते समजायला मागचं काहीच ठाऊक असावं लागत नाही. गेम सेव्ह करायला टेलिफोन बूथ गाठावा लागतो, हे तर मला फारच आवडतं! पुढे 'किवामी', म्हणजे पहिल्या भागाचाच २०१६ चा रीमेक. मारामारीत बटणं जमतच नसतील तर २०२० चा 'लाइक अ ड्रॅगन' लाव: नायक नवा, लढाई पाळीपाळीने. आणि रस्त्यात कुणी हाक मारली की मुख्य कथा सोडून खुशाल थांब. त्या साइड स्टोरी चुकवू नकोस.