वाचक विचारतात: वर्कशॉपला लाइट किती आणि कुठे?

प्रश्न: माझं ८ बाय ६ मीटरचं वर्कशॉप आहे, पत्रा साधारण ४ मीटरवर. एका बाजूला लेथ, ड्रिल आणि कामाचं टेबल, बाकी जागेत गाडी आणि सामान. सध्या ३६ वॅटच्या १२ जुन्या चोकवाल्या ट्यूब आहेत. बिल कमी करायचंय. दुकानदार म्हणतो १०० वॅटचे ४ एलईडी फ्लड लाइट मारा, विषय संपला. मारू का?

उत्तर: नका मारू. तुमची एक ट्यूब चोकसकट ४५ वॅटच्या आसपास खाते, म्हणजे १२ ट्यूबचे ५४० वॅट, आणि ते ४ फ्लड झाले ४०० वॅट, एवढा खर्च करून वाचले किती तर १४०! वर तो प्रखर उजेड चार ठिकाणांहूनच येणार, म्हणजे डोळ्यावर तिरीप आणि लेथवर वाकलात की तुमचीच सावली जॉबवर, म्हणजे ज्या तुकड्यावर काम चाललंय त्यावर.

वॅट म्हणजे फक्त खर्च, उजेड मोजायचा लुमेनमध्ये, आणि तो आकडा खोक्यावर लिहिलेला असतो, नसेल तर तो माल घेऊच नका. बऱ्यापैकी एलईडी पट्टी (ट्यूबसारखा लांब दिवा, बॅटन) एका वॅटला १०० ते १३० लुमेन देते. आता हिशोब बघा, कामाच्या जागी साधारण ३०० लक्स धरतात (लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन), बारीक कामाला ५०० किंवा जास्त. तुमची जागा ४८ चौरस मीटर, सगळीकडे ३०० हवे तर १४,४०० लुमेन खाली पोचायला हवेत, पण भिंती, धूळ, काळवंडलेला पत्रा यात जवळपास अर्धे जातात, म्हणून लावायचे दुप्पट, २९ हजारांच्या आसपास. २० वॅटच्या, २,००० लुमेनच्या पट्ट्या घेतल्या तर १४ लागतील, २८० वॅट.

पण सगळीकडे ३०० हवेतच कशाला? गाडीच्या टपावर कोण मायक्रोमीटर धरून बसतंय. सगळीकडे १५० लक्स ठेवा, त्याला ७ पट्ट्या पुरतात, आणि लेथ, ड्रिल, टेबल यांच्यावर वेगळी एकेक पट्टी साधारण १ मीटर वर, आपल्या डोक्याच्या थोडी पुढे, म्हणजे सावली मागे पडते. तिथे वरचा उजेड धरून ५०० च्या आसपास सहज मिळतात. सगळं चालू असेल तेव्हा २०० वॅट, आणि प्रत्येक मशीनच्या पट्टीला स्वतःचा स्विच दिला तर तेवढेही क्वचितच. खरी बचत या स्विचमध्ये आहे, लोक दिवे भारीतले घेतात आणि १४ च्या १४ एकाच बटणावर टाकतात, मग टेबलावर एक स्क्रू शोधायलासुद्धा सगळं वर्कशॉप उजळतं!

भिंतींना पांढरा रंग मारून घ्या, आणि महिन्यातून एकदा पट्ट्या पुसा, धूळ बसली की पैसे तेवढेच जातात आणि उजेड कमी. हाय बे दिवा (उंच शेडसाठीचा मोठा दिवा) मात्र पत्रा ६ मीटरच्या वर असेल तरच, तुमच्या उंचीला नको.

आणि लेथ आहे म्हणून एक गोष्ट नीट ऐका. ५० हर्ट्झच्या सप्लायवर हलक्या ड्रायव्हरचा (एलईडीला वीज पुरवणारं सर्किट) दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो, डोळ्याला कळत नाही, पण चक (लेथचा जॉब पकडून फिरणारा भाग) ठराविक वेगाने फिरत असेल तर थांबल्यासारखा किंवा हळू फिरतोय असा दिसू शकतो, आणि माणूस हात घालतो. चोकवाल्या ट्यूबलाही हाच दोष आहे. दिव्याखाली पेन्सिल जोरात हलवून बघा, सलग धूसर न दिसता सुट्ट्या सुट्ट्या पेन्सिली दिसल्या तर तो दिवा लेथवर नको, फ्लिकर-फ्री लिहिलेला घ्या.

उजेडाचा रंग ४,००० ते ५,००० केल्विन बरा, ६,५०० वाला निळसर पडतो. सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) ८० चालतो, गाडीला पेंटचं काम करत असाल तर ९० च्या वरचा बघा, नाहीतर इथे जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो.

प्रश्न: जुन्या ट्यूबच्या पट्टीतच एलईडी ट्यूब बसवली तर? आणि मोशन सेन्सर लावावा का?

उत्तर: बसवता येते, पण आधी ट्यूबवरचा वायरिंगचा नकाशा बघा. काही ट्यूबला फेज-न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, काहींना दोन टोकांना, काही चोकवर चालतात पण बऱ्याच चोक काढूनच. मेन बंद करून वायरमनकडून करून घ्या, चोक काढली असेल तर पट्टीवर तसं लिहून ठेवा, उद्या कुणी जुनी ट्यूब घालायला जाईल. काढलेल्या ट्यूबमध्ये पारा असतो, फोडू नका, कचऱ्यातही टाकू नका, ई-कचऱ्यात द्या.

सेन्सर स्टोअर, जिना, बाथरूम इथे मस्त. मशीनवर अजिबात नको, तुम्ही स्तब्ध उभं राहून जॉब बघताय आणि करवत चालू असताना दिवा गेला तर?