करीचा पव्वा आणि शुक्रवारची वाईन

प्रिय मनू,

पोळ्याहून परत आल्यापासून तू एकच धरून बसली आहेस. करीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मामाजी प्यायले तर सगळे त्यांना बेवडा म्हणाले. त्याच पंगतीत तेवढीच प्यायलेल्या गुरुजींना कोणी हूं की चूं केलं नाही. आणि इकडे मेलबर्नात आई दर शुक्रवारी वाईन घेते, तिला म्हणे आठवड्याचा शीण घालवायचा असतो. "मग आई, बेवडा कोण हे ठरवतं कोण?" तू हसत विचारलंस, पण मला ते झोंबलं. म्हणून हे लिहिते आहे. उपदेश वाटला तर तो परिच्छेद सोडून दे.

आधी करीबद्दल. पोळा श्रावणाच्या अमावास्येला येतो. म्हणजे महिनाभर वशाट बंद, पिणारेही बहुतेक हात आखडता घेतात, आणि पोळ्याला बैलांची पूजा, पुरणपोळी झाली की दुसऱ्या दिवशी श्रावण संपलेला असतो. आपल्या नागभीडकडच्या धानपट्ट्यात तोवर रोवणी आटोपलेली असते, हाताला जरा उसंत असते. त्या दिवशी घरोघरी मटण शिजतं आणि माणसं झाडाखाली बसतात. आमच्या लहानपणी कर म्हणजे वाटलेल्या मसाल्याचा वास आणि मोठ्यांची मोकळी जीभ. गोंड घरांमध्ये मोहाची दारू असायची. चैताच्या सुमारास पहाटे वेचून वाळवलेली फुलं, त्यांचा काही दिवस कुजवलेला सडवा, मग भट्टी, आणि पहिल्या धारेतलं थोडं आधी पूर्वजांच्या नावानं जमिनीवर. पिण्याला दिवस होता, सोबत होती, पोटात जेवण होतं. मला ते आजही वाईट वाटत नाही. पण त्याच दिवशी काही घरांतल्या पोरींना झोपायला शेजारी धाडत, हेही आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि का धाडतात ते कुणी विचारत नसे.

आता तुझा प्रश्न. गावानं माणूस मोजला तो पडण्यावरून. नालीत पडला तो बेवडा, घरी खाटेवर पडला तो शौकीन. ही मोजणीच चुकीची आहे.

हिशेब असा. आपल्याकडचा देशीचा पव्वा १८० मिलीचा, त्यात अल्कोहोल ४२.८ टक्के. वजनात ते साधारण ६० ग्रॅम होतं. इथं ऑस्ट्रेलियात १० ग्रॅमला एक 'स्टँडर्ड ड्रिंक' म्हणतात आणि बाटलीच्या लेबलावर आकडाच छापलेला असतो, बघ कधी. पव्वा म्हणजे सहा. वाईनची ७५० मिलीची तेरा टक्क्यांची बाटली म्हणजे साडेसातच्या वर, म्हणजे आईची बाटली सव्वा पव्व्याची. इथली २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं मोठ्या माणसाला आठवड्याला दहाच्या वर आणि एका दिवसात चारच्या वर नको म्हणतात, अठराच्या आत काहीच नको. गुरुजी रोज रात्री घरी एक पव्वा घेतात. आठवड्याचे बेचाळीस झाले. त्यांना कोणी झोकांड्या खाताना पाहिलेलं नाही, आणि गाव कौतुकानं सांगतं, "त्यांना चढतच नाही." अगं, न चढणं हेच तर लक्षण आहे. मेंदू सरावतो, पूर्वी अर्ध्यात होणारं काम पूर्ण पव्व्यातही होत नाही. पुढं यकृत थकलं की उलटं होतं, थोड्यातच माणूस कोसळतो. तेव्हा गाव म्हणतं, अचानक काय झालं!

पण नुसत्या आकड्यानं व्यसन ठरत नाही. जास्त पिणं हे शरीराला घातक असू शकतं आणि तरीही माणूस व्यसनी नसेल. करीला एकदाच दोन पव्वे रिचवून गाडी चालवणारा पोट्टा धोक्यात आहे, व्यसनी असेलच असं नाही. डॉक्टर वर्षभराचं वागणं बघतात. पिण्याची तीव्र ओढ, सुरू केल्यावर थांबता न येणं, न मिळाल्यास अंगाला त्रास, तेवढ्याच परिणामासाठी प्रमाण वाढत जाणं, बाकीची कामं-छंद मागं पडणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या वर्गीकरणात या सहांपैकी तीन गेल्या वर्षभरात एकत्र दिसली तर अवलंबित्व धरत. पैसे, जात, शिक्षण, दारू देशी की विदेशी, हे त्यात कुठंच नाही.

घरच्या घरी विचारायला चार प्रश्न पुरतात. कमी करावी असं कधी वाटलं का? कुणी टोकलं की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर करायला घ्यावी लागते का? दोनांना 'हो' आलं तर डॉक्टरांशी नीट बोलायला हवं. (आता हसू नकोस, तुझ्या प्रश्नाचा मला राग आला होता. बाकी तिन्हींना माझं 'नाही' आहे, पण ते तू बाबांना विचारून पक्कं कर. पिणाऱ्याच्या तोंडचा आकडा धरायचा नसतो.)

चौथा प्रश्न सगळ्यात जड. गावात सकाळच्या घोटाला 'उतारा' म्हणतात आणि डोकेदुखीचं औषध समजतात. एखाद्या दिवशी जास्त झाल्यावर डोकं दुखणं, मळमळणं कोणालाही होतं, पाणी आणि झोपेनं जातं. पण शेवटच्या घोटानंतर सहा-बारा तासांत हात थरथरायला लागले, घाम सुटला, आणि दोन घोट घेताच सगळं शांत झालं, तर शरीर दारू मागतंय. रात्री नऊला घेतलेला पव्वा यकृताला पचवायला सहा-आठ तास लागतात, म्हणून कंप नेमका सकाळी येतो.

श्रावणाची परीक्षाही फसवी आहे. "मी महिनाभर सोडतो, म्हणजे मी व्यसनी नाही" असं मामाजी म्हणतात. कित्येक व्यसनी माणसंही महिना काढतात. बघायचं ते करीला काय होतं. एक ग्लास घेऊन ताटावर बसतात की पहिल्या घोटानंतर तीन दिवस घरी येत नाहीत?

आणि ज्यांना खरोखर जडलेली असते त्यांच्यासाठी श्रावणाचा पहिला आठवडा जीवघेणा ठरू शकतो. एकदम सोडल्यावर पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी धावते. आपल्याकडे म्हणतात बाहेरचं लागलं, आणि जाणत्याकडे नेतात. त्यात जो वेळ जातो तोच माणसाला मारतो. उपचार साधा आहे. दवाखान्यात भरती, झोप-शांतीची औषधं आधी पुरेशी आणि मग आठवडाभरात टप्प्यानं कमी, आणि ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. गावात ग्लुकोजची सलाईन लावायची घाई असते. ब-१ आधी जायला हवं, नाहीतर उपाशी मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात, ज्याला आधी फीट आली आहे, त्यानं घरी एकदम सोडू नये. हे सांगणं म्हणजे दारूला पाठिंबा नव्हे.

दुसरी गोष्ट, आणि मामी नेमकं हेच करू बघतील. सोडवायच्या गोळ्या येतात, डायसल्फिराम नावाच्या. त्या खाल्लेल्या माणसानं दारू घेतली की चेहरा लालबुंद होतो, धडधड, उलट्या, रक्तदाब पडतो. त्यानं स्वतः ठरवून, शेवटच्या घोटाला निदान बारा तास उलटल्यावर आणि हृदय-यकृत तपासून घेतली तर उपयोग होतो. वरणात गुपचूप मिसळली तर त्याला कळतही नाही, तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो.

दारूबंदीनं हे सुटलं का, हेही तू विचारशीलच. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, आपल्या चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. ती मागणारं गाव मूर्ख नव्हतं, बायकांनी मोर्चे काढून ती मिळवली होती, आणि त्यांच्या जागी मीही गेले असते. पण जडलेल्या माणसाचं शरीर कायदा वाचत नाही. दुकान बंद झालं तर तो मिळेल ते पितो, आणि भेसळीत मिथेनॉल असलं तर डोळे जातात, जीवही. बंदीच्या बरोबर दवाखान्यात पलंग हवा, एवढंच मला म्हणता येतं.

मामाजी तुझ्या रक्ताचे आहेत, म्हणून तुला माहीत असू दे. व्यसन जडण्याच्या शक्यतेतला साधारण अर्धा वाटा आनुवंशिक असतो. उरलेला आजूबाजूचा, मनाचा, आणि किती लवकर सुरुवात केली त्याचा. यात भिण्यासारखं नाही, आणि तू काय करायचं ते मी ठरवणारही नाही.

पुढच्या पोळ्याला जाशील तेव्हा मामींना एकट्या गाठ, चुलीपाशी, मामाजींसमोर नको. मामाजींना बेवडा वगैरे शब्द वापरू नकोस. एवढंच विचार, सकाळी त्यांचे हात थरथरतात का, आणि श्रावण लागतो तेव्हा पहिले चार दिवस कसे जातात. 'हो' म्हणाल्या तर १४४१६ वर फोन लावून दे. तो सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलतात. आणि जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या दिवशी असते ते विचारून मला कळव.

तुझी,
आई