आभाराची बाटली निवडताना

आभार म्हणून वाइनची बाटली द्यायची, तर आधी एवढीच चौकशी करा, ज्यांना द्यायची ते वाइन घेतात का? घेत नसतील तर विषय संपला, दुसरं काहीतरी बघा. घेतात पण आवड माहीत नाही, अशा वेळी मी डोळे झाकून स्पार्कलिंग, म्हणजे बुडबुड्यांची वाइन सुचवतो. फक्त लेबलवर गोडीचा प्रकार नीट वाचा. 'एक्स्ट्रा ड्राय' ही 'ब्रूट'पेक्षा गोड असते. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये साधारण 12 ते 17. 'ड्राय' म्हणजे कमी गोड, त्यामुळे नावावरून भलेभले फसतात.

रेडच द्यायची तर पिनो न्वार या द्राक्षाची. टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारा घटक कमी, त्यामुळे जीभ आखडत नाही, नवख्यालाही चालते. जुनी तितकी चांगली, हे डोक्यातून काढा. बहुतेक बाटल्या काही वर्षांतच प्यायच्या असतात. रोझे, म्हणजे गुलाबी वाइन तर शक्यतो अलीकडच्या वर्षाचीच उचला. स्क्रू कॅप दिसली म्हणून नाक मुरडू नका, कॉर्कमुळे कधीकधी येणारा ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास तिथे सहसा नसतो. दुकानाच्या काचेत उन्हात उभी असलेली बाटली मात्र कितीही देखणी असो, राहू द्या.

किमतीचं स्टिकर काढा. आणि कशाबद्दल आभार मानताय, ते सोबतच्या चिठ्ठीत नेमकं लिहा.