पौर्णिमेला चंद्रावरची विवरं का दिसत नाहीत?

दुर्बीण परत करायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की ७० मिलिमीटरच्या नव्या दुर्बिणीतून कोजागरीला चंद्र पाहिला आणि नुसती पांढरी थाळी दिसली. दुर्बिणीत दोष नाही, तिथी चुकली.

पौर्णिमेला चंद्र पाहताना सूर्य आपल्या पाठीमागे असतो, त्यामुळे तिथल्या सावल्या आपल्याला दिसतच नाहीत. आणि विवर डोळ्यांत भरतं ते सावलीमुळे. नांगरलेलं शेत भर दुपारी सपाट वाटतं, सकाळच्या तिरप्या उन्हात त्याची एकेक सरी उठून दिसते, तसंच. अष्टमीचा चंद्र अर्धा दिसतो, पण त्याचा उजेड पौर्णिमेच्या निम्मा नसतो, जेमतेम दहावा हिस्सा असतो. एवढा फरक मुख्यतः या सावल्यांमुळेच पडतो.

येत्या शुद्ध अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर दुर्बीण लावा. तिथे त्या वेळी सूर्योदय होत असतो. टॉलेमियस, अल्फॉन्सस आणि आर्झाकेल ही तीन विवरं तिथे एका ओळीत सापडतील.

माझं सगळ्यात आवडतं मात्र कोपर्निकस. ९३ किलोमीटर रुंद आणि पावणेचार किलोमीटर खोल. नवमी-दशमीच्या सुमारास तिथे सकाळ होते. आधी पश्चिमेची कड झळाळते आणि आत शाईने भरलेल्या वाटीसारखा काळा मिट्ट तळ असतो. चंद्रावर हवा नाही, म्हणून सावलीत फारसा उजेड झिरपत नाही. मग तळातल्या डोंगरांची टोकं अंधारात ठिपक्यांसारखी उजळतात. १६०९ मध्ये गॅलिलिओने अंधाऱ्या भागातले असेच ठिपके पाहून चंद्रावर डोंगर असल्याचं ताडलं होतं. ती सीमारेषा चंद्राच्या विषुववृत्तावर ताशी साधारण १५ किलोमीटरने सरकते, सायकलवरून गाठता येईल अशी. म्हणून एकदा पाहून उठू नका, तासाभराने पुन्हा पाहा.

पौर्णिमा अगदीच वाया जाते असं नाही. टायको विवरापासून चहूकडे फाकलेले पांढरे पट्टे तेव्हाच उत्तम दिसतात.

चंद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला तो २३ ऑगस्ट २०२३ चा दिवसही निज श्रावण शुद्ध सप्तमीचा होता. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यानाला तिथला जवळजवळ अख्खा दिवस, म्हणजे आपले १४ दिवस, मिळावेत म्हणून सकाळ गाठली होती. त्या सकाळी उतरण्याच्या जागेवरही ऊन असंच तिरपं पडलेलं होतं.

अष्टमीला पाहून झालं की काय दिसलं ते नक्की कळवा.