पंचगंगेतले मासे नेमके कशाने मरतात?

प्रश्न : उन्हाळ्यात पंचगंगेच्या बंधाऱ्याजवळ पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून तडफडताना दिसतात आणि उजाडेपर्यंत मेलेल्या माशांचा खच पडतो. आम्ही दुपारी बाटलीत पाणी भरून दुसऱ्या दिवशी तपासायला दिले, तर त्यात विष आढळले नाही आणि ऑक्सिजनही पुरेसा निघाला. मग मासे मेले कशाने? असे मासे खावेत का?
— एक वाचक, करवीर तालुका

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून मासे गुदमरून मेले असण्याची शक्यता सर्वाधिक वाटते. शहरांचे सांडपाणी किंवा मळीमिश्रित पाणी नदीत आले की त्यातील सेंद्रिय पदार्थांवर जिवाणूंची झपाट्याने वाढ होते आणि ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरून टाकतात. घरगुती सांडपाण्याची जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे त्यातील घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरमागे साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणाऱ्या पाण्याची ती ४०,००० मिलिग्रॅमच्याही पुढे जाते. उलट ३० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात हवेतून मुरलेला ऑक्सिजन लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. त्यातच बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातलेल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे पाणी थांबलेले असते आणि वर केंदाळ (जलपर्णी) पसरलेले असले तर हवेचा ऑक्सिजन आत उतरण्याची वाटही अडते. मरळ हवेतून थेट श्वास घेऊ शकते म्हणून अशा पाण्यातही बराच काळ तग धरते. खच पडतो तो कल्ल्यांवरच अवलंबून असणाऱ्या माशांचा.

पहाटेच हे का घडते, याचे उत्तर शेवाळात आहे. दिवसा प्रकाशसंश्लेषणामुळे शेवाळ ऑक्सिजन सोडते, रात्री मात्र स्वतःच्या श्वसनासाठी तेच तो वापरते. त्यामुळे सूर्योदयाच्या सुमारास पाण्यातील साठा सर्वांत कमी असतो आणि दुपारपर्यंत पुन्हा भरून येतो. आपला नमुना दुपारचा होता, शिवाय अर्धवट भरलेल्या किंवा हलवलेल्या बाटलीत प्रवासातही हवा मिसळते. म्हणून ऑक्सिजनच्या तपासणीसाठी काचेची बाटली पाण्याखालीच बुडबुडा न राहता काठोकाठ भरून, तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कलीयुक्त आयोडाइडची द्रावणे घालतात. बाटलीत तयार होणारा साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही, हे काठावरच डोळ्यांना दिसते.

दुसरी गोष्ट माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. नाला मिळतो त्याच जागी ऑक्सिजन सर्वांत कमी नसतो. जिवाणूंना काम करायला वेळ लागतो, त्यामुळे ऑक्सिजनची सर्वांत कमी पातळी प्रवाहाच्या दिशेने पुढे कुठेतरी येते. अमेरिकेतील ओहायो नदीच्या अभ्यासातून स्ट्रीटर व फेल्प्स या संशोधकांनी १९२५ मध्ये याचे गणित मांडले. म्हणजे मासे जिथे मेले तिथल्याच गावाला दोष देणे बहुधा अन्यायाचे ठरते.

नदीची तब्येत मासे मरण्याच्या कितीतरी आधी बिघडलेली असते. स्वच्छ पाण्यातील दगडांना चिकटून राहणाऱ्या मेफ्लाय माशीच्या अळ्या आधी नाहीशा होतात आणि गाळात हिमोग्लोबिनमुळे लाल दिसणाऱ्या अळ्या वाढू लागतात, कारण अत्यल्प ऑक्सिजनही त्या उपयोगात आणू शकतात. उसाच्या रानातून वाहून येणारे नत्र व स्फुरद केंदाळ पोसतात, तर सांडपाण्यातला अमोनिया पाण्याचा सामू (pH) वाढला की अधिक घातक होऊन माशांच्या कल्ल्यांना इजा करतो.

असे मासे मुळीच खाऊ नयेत. ते केवळ गुदमरले की कीटकनाशकाने मेले, हे नुसते पाहून सांगता येत नाही, आणि जड धातू शिजवल्याने जात नाहीत.

पुढच्या वेळी नमुने सूर्योदयापूर्वी, नाल्याच्या वरच्या बाजूला, नाला मिळाल्यानंतर आणि बंधाऱ्याजवळ असे तीन ठिकाणी घ्यावेत, आणि ऑक्सिजनबरोबर तापमान, सामू व अमोनियाही तपासून घ्यावा.