हिवाळ्यात फिनॉलचा टँकर: दहेज ते यमुनानगर

जानेवारीत गुजरातमधील दहेजहून हरियाणातील यमुनानगरच्या प्लायवुड कारखान्याकडे २० टन वितळलेले फिनॉल (प्लायवुडच्या डिंकासाठी लागणारे रसायन) पाठवायचे असून, त्यासाठी वाटेत तापवत नेण्याची सोय असलेला टँकर घ्यावा की नुसता इन्सुलेटेड टँकर पुरेल, असे आपण विचारले आहे. माझ्या मते चांगले इन्सुलेशन आणि आत कॉइल (गरम पाणी किंवा वाफ खेळवायची वेटोळी नळी) असलेला स्टेनलेस स्टीलचा टँकर घ्यावा. वाटेत तापवण्याची गरज पडत नाही. मात्र तळाचा व्हॉल्व्ह आणि वरचा व्हेंट (टाकीत हवेची ये-जा होण्याचे तोंड) यांची काळजी घेतली नाही, तर कोणताही टँकर घेतला तरी खोळंबा ठरलेला आहे.

आधी हिशेब पाहू. शुद्ध फिनॉल सुमारे ४१ अंश सेल्सिअसला गोठते. टाकीचा पृष्ठभाग ढोबळमानाने ५० चौरस मीटर धरावा आणि ७५ मिलिमीटर रॉकवूल (दगडी तंतूंचे उष्णतारोधक अस्तर) असताना, टाकीचे पाय व मॅनहोल यांच्या वाटे जाणारी उष्णता जमेस धरून, प्रत्येक चौरस मीटरमागे आणि तापमानाच्या प्रत्येक अंश फरकामागे ०.७ वॅट जाते असे मानावे. माल ६० अंशांवर भरला आणि बाहेरची हवा सरासरी १५ अंशांची राहिली, तर सुमारे १.६ किलोवॅट उष्णता निसटते. द्रव फिनॉलची विशिष्ट उष्णता किलोला सुमारे २.२ किलोज्यूल असल्यामुळे २० टन माल दिवसाला जेमतेम ३ अंशांनी निवतो, म्हणजे तीन दिवसांनी तो ५० अंशांच्या आसपास असतो. इन्सुलेशन नसलेल्या टाकीत हाच माल पहिल्याच दिवशी गोठणबिंदूला टेकेल.

हा हिशेब कोरड्या रॉकवूलचा आहे. पाण्यातून उष्णता रॉकवूलच्या सुमारे पंधरापट सहज वाहते, त्यामुळे पावसाळ्यात क्लॅडिंगच्या (रॉकवूलवरच्या पत्र्याच्या आवरणाच्या) सांध्यांतून पाणी मुरलेला टँकर दिसायला इन्सुलेटेड असला तरी तसा उरत नाही. माल भरल्यावर दोन-तीन तासांनी क्लॅडिंगवरून हात फिरवावा. जिथे पत्रा इतर जागेपेक्षा कोमट लागेल, तिथले रॉकवूल ओले झालेले किंवा खाली बसलेले आहे असे समजावे.

आता मुख्य अडचण. काही वर्षांपूर्वी मी पाठवलेला एक टँकर पहाटे पोहोचला, तापमापक ५२ अंश दाखवत होता, आणि तरीही व्हॉल्व्ह उघडल्यावर थेंबही बाहेर आला नाही. टाकीबाहेर राहिलेला वीतभर पाइप आणि व्हॉल्व्ह एवढाच भाग रात्रभर वाऱ्याला उघडा होता आणि त्यातला माल दगडासारखा घट्ट झाला होता. कोणीतरी पेटता बोळा आणायला निघाले होते, त्यांना आम्ही वेळीच थांबवले. फिनॉलचा ज्वलनांक (ज्या तापमानाला त्याची वाफ ज्योतीने पेट घेऊ शकते) ७९ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तिथे उघडी ज्योत नेणे हा जिवाशी खेळ आहे. म्हणून बंद होणारी झडप टाकीच्या आत असलेला टँकर मागावा, बाहेरच्या व्हॉल्व्हला काढता-घालता येणारे इन्सुलेशनचे आवरण घालावे, आणि उतरवण्यापूर्वी त्याभोवती गरम पाण्याची किंवा कमी दाबाच्या वाफेची नळी फिरवता येईल अशी सोय करावी.

माल गोठलाच, तर वितळवण्याचा क्रम चुकवू नये. फिनॉल वितळताना फुगते. दोन्ही टोके घट्ट असताना मधला भाग तापवला, तर वाढलेल्या द्रवाला जायला जागा उरत नाही आणि पाइप किंवा जोड फुटू शकतो. मोकळ्या टोकापासून सुरुवात करून हळूहळू आत जावे. व्हेंटही तपासावा, कारण फिनॉलची वाफ वर चढून तिथे गोठते आणि व्हेंट बंद असताना पंप चालवल्यास निर्वातामुळे टाकी आत चेपली जाते. सगळा माल घट्ट झाला, तर तो नुसता वितळवायला सुमारे २४०० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १.१ टन वाफ लागते.

कॉइलमध्ये ७० ते ८० अंशांचे पाणी सोडणे मला वाफेपेक्षा बरे वाटते. ३ बार दाबाची वाफ १४३ अंशांची असते, आणि इतक्या तप्त कॉइलला लागून असलेल्या फिनॉलचा रंग बिघडण्याची भीती राहते. प्रत्येक फेरीपूर्वी कॉइलची दाबचाचणी घ्यावी, कारण गळक्या कॉइलमधून मालात पाणी शिरते.

फिनॉल त्वचेतून थेट शरीरात जाते, आणि त्वचा आधी बधिर होत असल्यामुळे भाजल्याचे लगेच कळत नाही. होज सोडणाऱ्या माणसाला पूर्ण अंगभर संरक्षक पोशाख आणि चेहऱ्यावर ढाल हवीच; शेजारी चालू स्थितीतला शॉवर आणि पॉलिइथिलीन ग्लायकॉल ४०० (त्वचेवरचे फिनॉल पुसून काढण्याचा द्रव) ठेवावे. अंगावर उडाल्यास कपडे तत्काळ उतरवून भरपूर पाण्याने धुवावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

आपण पुढे ॲक्रिलिक ॲसिडही पाठवणार आहात, असे लिहिले आहे. ते सुमारे १३ अंशांना गोठते, पण वरची पद्धत तिथे मुळीच चालणार नाही. गोठताना त्यातला इनहिबिटर (बहुलकीकरण रोखणारे द्रव्य) स्फटिकांबाहेर राहतो, आणि वाफेने एकाच जागी तापवल्यास बहुलकीकरण, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाऊन उष्णता सोडण्याची क्रिया, आवरेनासे होते. जपानमध्ये हिमेजी येथे २०१२ च्या सप्टेंबरात ॲक्रिलिक ॲसिडच्या साठवण टाकीत वरच्या भागातला द्रव फिरता न राहिल्याने उष्णता साचून स्फोट झाला आणि अग्निशमन दलाच्या एका जवानाचा जीव गेला. त्या मालासाठी वेगळा टँकर ठरवावा, आणि उत्पादकाची लेखी सूचना हाती येईपर्यंत तो भरू नये.